सूनबाई सध्या गोठ्यात

पणदरे,
१२ नोव्हेंबर २०२४

सुके,

काल फोनवर तुझं "बोल, बोल" मला नीट ऐकू येत होतं, माझं मात्र तुला काहीच पोचत नव्हतं. शेवटी चिडून वही काढली. वायफायच्या दुकानदारणीकडं वायफायचीच तक्रार टपालानं करणारी मी पहिली असेन. हस, हस. हॉस्टेलवरून सुट्टीत घरी गेल्यावर लिहायचो तशी लिहितेय.

दुखणं असं आहे. आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. चारी बाजूंनी ऊस, आणि तो आता माणसाच्या डोक्यावर गेलाय. मोबाईलला रेंज म्हणशील तर फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. म्हणून सगळा भार वायफायवर. एक राऊटर ओसरीवर, तात्यांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. एक माडीवर आमच्या खोलीत, विजयसिंहांनी लग्नानंतर बसवलेला. तिसरा गोठ्यात, कारण तात्या संध्याकाळी गोठ्यापुढं बाज टाकून मोबाईलवर कीर्तन ऐकतात. तिन्ही राऊटरची नावं वेगळी, पासवर्ड वेगळे. मी लॅपटॉप घेऊन माडीवरून खाली आले की तो वरच्याच राऊटरला धरून बसतो. रेंज पार मेली तरी सोडत नाही. मग कॉल तुटतो.

आणि मला खाली यावंच लागतं. आईंनी, सासूबाईंनी, हाक मारली की लॅपटॉप काखेत मारून भाजीला फोडणी द्यायची, असं माझं ऑफिस चालतं. पुण्याची विम्याची कंपनी, मी क्लेम तपासते, तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात इतक्यांदा कॉल तुटला की आमच्या मॅडम म्हणाल्या, "स्वरूपा, नेट सुधार, नाहीतर मला तुझ्यासाठी भांडता येणार नाही." विजयसिंह तिकडं कर्नाटकातल्या कारखान्यावर केमिस्ट. हंगाम सुरू झाला की सहा महिने घरी नाहीत. मी इथं. ही नोकरी गेली तर सुके, दिवसभरात मला माझ्या नावानं हाक मारणारं कुणी उरणार नाही. इथं मी सूनबाई.

मागच्या पानावर घराचा नकाशा काढलाय. भिंती दगडी आहेत, जाड. काहीतरी कर.

तुझी,
स्वरूपा

अंथुर्णे,
१९ नोव्हेंबर २०२४

स्वरूपाबाई सरकार,

नकाशा बघून मल्हार म्हणाला, "हिनं बीसीएस करायच्या ऐवजी तलाठी व्हायला पाहिजे होतं." नवरा माझा, पण कौतुक तुझंच.

आता ऐक. तुमच्याकडं एका घरात तीन कारभारी आहेत, तिथंच घोळ आहे. मुख्य राऊटर एकच ठेवायचा. बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. मग तू ओसरीवरून गोठ्यात चालत गेलीस तरी तुझा मोबाईल एका डबीचा, म्हणजे राऊटरचा, हात सोडून दुसरीचा धरेल आणि तुला कळणारसुद्धा नाही. तुमचे जुने राऊटर तीन कंपन्यांचे, ते एकमेकांशी बोलायचे नाहीत. ते मी परत घेते, एकाच कंपनीच्या चार डब्या बसवते.

चार कशाला म्हणशील. लोक काय करतात, जिथं रेंज नाही नेमकी तिथंच डबी नेऊन ठेवतात. त्या डबीला तरी कुठून मिळणार? डबी ठेवायची अर्ध्या वाटेवर, जिथं रेंज अजून जिवंत आहे. म्हणून एक स्वयंपाकघरात येईल. आणि दगडी भिंतीतून हवेतनं जाण्यापेक्षा माडीला आणि गोठ्याला वायर ओढलेली बरी. ते मल्हार करील.

पुढच्या रविवारी येतो. तुझ्या सासूबाईंना सांग, जेवायला पिठलं असलं तरी चालेल. मल्हारला मात्र चालणार नाही.

सुकी

पणदरे,
८ डिसेंबर २०२४

सुके,

आधी चांगलं सांगते. तुम्ही गेलात त्या दिवशी मॅडमशी कॉल चालू असताना मी मुद्दाम खोलीतून निघाले, जिना उतरले, स्वयंपाकघरातून मागच्या दारानं गोठ्यापर्यंत गेले आणि परत आले. एकदाही अडकलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आज काय, ऑफिसला आलीस काय?" मी गोठ्यात उभी राहून हसत होते, म्हैस माझ्याकडं बघत होती. दोन आठवडे एकही कॉल तुटला नाही.

आता दुसरं. तुला आठवतंय, मल्हारभाऊंनी विचारलं होतं, "डब्यांच्या ॲपचा ओटीपी कुणाच्या नंबरवर पाठवू?" तात्या ओसरीवर, मी स्वयंपाकघराच्या दारात. तूच माझ्याकडं बघितलंस आणि मी म्हणाले, "तात्यांच्याच नंबरवर करा." आणखी काय म्हणणार होते? या घरात सातबारा, गॅसची टाकी, कारखान्याचा शेअर, सगळं तात्यांच्या नावावर. सासऱ्यांसमोर सून म्हणेल, माझ्या नंबरवर करा? आईंनी ताट फेकलं असतं.

तर तात्या आता दिवसभर बारामतीत आपल्या कृषी सेवा केंद्रात बसतात आणि ॲप बघतात. परवा जेवताना म्हणाले, "सूनबाई, आज दुपारी दोन तास माडीवरच हुता. तब्येत बरी हाय न्हवं?" मला आधी कळेचना यांना कसं कळलं. मग त्यांनीच कौतुकानं मोबाईल पुढं केला. त्यात लिहिलेलं, स्वरूपाचा मोबाईल, स्वयंपाकघर. आणि मी खरंच स्वयंपाकघरात होते.

तीन वेगळे राऊटर होते तेव्हा कुणालाच कुणाचा पत्ता नव्हता. आता कुठल्या डबीला कोण चिकटलंय ते एका पानावर दिसतं. मला हे आवडलेलं नाही. उगाच मनात येतंय का गं?

स्वरूपा

ता. क. पोस्टाची अनिता पत्र थेट माझ्या हातात देते. तू पण कागदावरच लिही. फोनवर बोलायचं तर सगळं घर ऐकतं.

अंथुर्णे,
१५ डिसेंबर २०२४

अगं बाई,

उगाचच येतंय मनात. नवं खेळणं आहे, आठ दिवस बघतील आणि कंटाळतील. आमच्या आबांना, मल्हारच्या वडिलांना, मोबाईलवर हवामान कळायला लागलं तेव्हा ते आभाळाकडं बघायचेच बंद झाले होते, पाऊस अंगावर आला तरी म्हणायचे, "हितं तर ऊन दाखवतंय." तसंच हे. आणि वयस्कर माणूस तब्येत विचारतो, यात वाईट काय आहे? माझे आबा माझी कधी विचारत नाहीत.

घरात थोरल्याच्या नावानंच सगळं करायचं असतं, मी सगळीकडं तसंच करते. मालकाला वगळून सुनेच्या नंबरवर केलं तर उद्या कोण बोलावील मला?

एक आनंदाची बातमी. तात्यांनी आम्हाला सांगवीचं काम दिलंय, तुझ्या नणंदेच्या सासरचं. तिथंही सगळे राऊटर असेच एकाखाली आणायचेत. ते झालं की त्या भागात आमचं नाव होईल. तुझ्यामुळंच हे झालं, पेढा उधार.

काम कर नीट, आणि डोकं शांत ठेव.

सुकी

पणदरे,
५ जानेवारी २०२५

सुकन्या,

आठ दिवसांत कंटाळले नाहीत. उलट त्यांना एक बटण सापडलंय.

तुला माहीत आहे, तात्या विहिरीची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करतात. तशी आता मला करतात. जेवणाची वेळ झाली, माझा लॅपटॉप बंद. पाहुणे आले, बंद. एकादशीला सकाळपासून बंद. दुकानात बसून अंगठा लावायचा, की इथं माडीवर माझ्या पडद्यावर चक्र फिरत राहतं. मी खाली जाऊन म्हणाले, तात्या, कॉलमध्ये होते. ते रागावतसुद्धा नाहीत. "पाव्हणं दारात आन् तुमी वर कुणाशी बोलत बसता? घरात काय कमी हाय? जरा येळ बंद केलं तर कंपनी बुडंल व्हय?" आणि हसतात. मी काय बोलू त्यांच्याशी? भांडणारा माणूस असता तर भांडले असते.

गुरुवारी वर्षाच्या आढाव्याचा कॉल होता. मॅडम, त्यांचे वरचे साहेब, सगळे. मी माझं काम सांगायला लागले आणि नेट गेलं. धावत खाली आले, लॅपटॉप छातीशी धरून स्वयंपाकघरात, ओसरीवर, गोठ्यात. सगळीकडं एकच नाव, सगळीकडं बंद. पूर्वी एक गेला तर दुसरा राऊटर तरी होता. टाकीवर चढले, मोबाईलवरून लावला, तोवर कॉल संपला होता. साडी नेसून टाकीच्या शिडीवर उभी राहून मी रडले, सुके. खाली बघितलं तर नुसता ऊस. इतका की रस्तासुद्धा दिसत नाही.

कंपनीचं पत्र आलंय. महिनाअखेरचा आठवडा तपासणीचा. त्या आठवड्यात एकदा जरी मी कामाच्या वेळेत गायब झाले तर संपलं. विजयसिंहांना सांगितलं, तर म्हणाले, "तात्यांशी जरा गोडीनं बोल ना. मी इथून काय करू?"

मला घरात कुठंच बसता येत नाही गं. न्हाणीत मोबाईल नेला तरी ॲपमध्ये स्वयंपाकघर दिसतं. ठेवून गेले तर विचारतात, "मोबाईल एकाच जागी का हुता?"

स्वरूपा

अंथुर्णे,
११ जानेवारी २०२५

स्वरूपा,

तुझं पत्र मल्हारला वाचून दाखवलं. तो जेवता जेवता उठला. म्हणाला, "तुमी दोघींनी मिळून केलंय हे." खरं आहे, पण दोघींनी नाही, जास्त मीच.

तुला सांगितलं नव्हतं. डिसेंबरात तात्यांचा मला फोन आला होता. विचारलं, एखादा मोबाईल थोडा वेळ बंद ठेवता येतो का. मला वाटलं, नातवंडांसाठी विचारतात. बटण कुठं आहे ते मीच सांगितलं, पाच मिनिटं फोनवर बसून. नंतर सांगवीचं काम देताना म्हणाले, "पोरगी तितं दिलीया, तिचं बी जरा कळंल." तेव्हा मला कळायला पाहिजे होतं. कळलंही होतं. पण काम हातातून जाईल म्हणून मी गप्प बसले आणि तुला वर शहाणपण शिकवलं. सांगवीचं काम मी आता सोडलंय. सांगितलं, सामान येत नाही.

आबांना सगळं सांगितलं. आमची मेंढरं होती तेव्हा आबा रानात राहायचे. ते म्हणाले, "आमी मेंढरं बी सांजंला एकदाच मोजायचो."

आता उपाय. ओसरीवरच्या मुख्य डबीच्या मागं टाचणी जाईल एवढं भोक आहे. दाबून धरलंस की सगळं पुसलं जातं. मग जो पहिला नंबर टाकेल तो मालक. तू टाक. नाहीतर तो आठवडा माझ्या दुकानात ये. इथं नेट कडक आहे, आतल्या खोलीत टेबल लावून देते, कुणी तोंड उघडणार नाही. पणदऱ्याहून बारामती, बारामतीहून इंदापूरची एसटी, अंथुर्ण्यात उतर. मी स्टँडवर उभी राहते.

ये गं. माफ कर म्हणत नाही, आधी ये.

सुकन्या

पणदरे,
१८ जानेवारी २०२५

सुके,

राग नाही तुझ्यावर. त्या दिवशी दारात उभी राहून "तात्यांच्याच" म्हणणारी मीच होते.

भोक दाबता येणार नाही. दाबलं त्याच क्षणी त्यांचं ॲप रिकामं होईल आणि ते दुकान सोडून घरी येतील. आणि तुझ्याकडं येऊ कशी? मोबाईल घेऊन निघाले तर दिसेल, स्वरूपाचा मोबाईल, घरात नाही. ठेवून निघाले तर दिवसभर एका जागी दिसेल. विचारून निघावं तर "कशाला?" आहे. गेले दोन दिवस मी वेडीसारखी हेच फिरवतेय डोक्यात. बाहेर पडायला ना दार अडवलंय ना कुणी कुलूप लावलंय, आणि मला हलता येत नाही.

काल भाकरी थापताना हात थांबले माझे. आईंनी बघितलं. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात, तुला माहीत आहे. रात्रीची भांडी घासताना एकदम म्हणाल्या, "त्या डबीत बाई दिसती का मोबाईल दिसतो?" मी म्हणाले, मोबाईल. "बरं," म्हणाल्या आणि कढई घासायला लागल्या.

मॅडमना राजीनाम्याचं लिहायला घेतलंय. अजून पाठवलेला नाही.

स्वरूपा

पणदरे,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुकन्या हिला बनाबाईचा आशीर्वाद. तुमच्याकडं समदी खुशाल असत्याल. आमच्याकडं बी हाय.

मी स्वरूपाची सासू. सातवीपतुर शिकल्ये, पर लिवायची सवय मोडलीया, तवा चुकलंमाकलं सांभाळून घे. अनिताकडं पत्र देतीया. सूनबाईला सांगू नगंस मी लिवलं म्हणून.

तिची नोकरी राहिली. तुला ठावं असंलच, तुज्याच दुकानात बसून राहिली. शुक्रवारी सांजंला आली ती जिन्यातच बसली आन् हसायला लागली आन् मग रडायला लागली. मी म्हणलं, आधी तोंड धू, तात्या येत्याल. पर मला बी लई बरं वाटलं.

आता पत्राचं कारण. आठवडाभर ती तुज्याकडं यायची तवा तिचा मोबाईल मी घेऊन फिरत हुते. कनवटीला खोचायचा. सकाळी चुलीपाशी, मग गोठ्यात, मग धुणं वाळत घालायला माडीवर, परत खाली. मोबाईल तिचा, पाय माजं. लॅपटॉप तिच्याबरुबर तुज्याकडं, तवा तात्यांला वाटलं हिनं ते खूळ सोडलं. एकदा त्यांनी फोनच लावला. मी म्हणलं, सूनबाई न्हातीया. दुपारी परत लावला. माज्या तोंडातनं परत तेच गेलं, न्हातीया. जीभ चावली बग. तात्या म्हणालं, "आज काय दोनदा?" मी म्हणलं, शेणात पडली.

कंपनीनं तिला आता मोठं काम दिलंय म्हणं, तवा हंगाम संपून विजयसिंह येईस्तवर तिला रोजच तुज्याकडं यावं लागंल. तवर मी हायच. पर माजं गुडघं आता माडी चढत न्हाईत. तर माडीवरची डबी जिन्याच्या बुडाला आणून बसीवशील का? तात्यांच्या मोबाईलात माडीच दिसली पायजे. तुला येतंय म्हणून सांगितलं सूनबाईनं, नावं तूच घातलीस म्हणं. कायतरी वायरचं काम हाय म्हणून ये. मी पिठलं न्हाय, पुरणाची पोळी करते.

आनखी एक सांगायचंय. कुणाला सांगावं म्हणून तुलाच लिवते.

पयल्या दिवशी सूनबाईनं मला तात्यांच्या मोबाईलाचा काढल्याला फोटो दाखवला, त्यास्नी काय दिसतंय त्यो. त्यात तात्या हायती. विजयसिंह हाय. सूनबाई हाय. टीव्ही हाय. विहिरीची मोटार बी हाय, नावानिशी. मी इचारलं, मी कुठं हाय? ती म्हणाली, आई, तुमच्याकडं मोबाईल न्हाय ना. म्हणून म्हणलं, माज्याकडनंच हे काम हुईल. मला कोण बगतंय.

तर बुधवारी तात्या जेवाया बसलं आन् मोबाईल माज्यापुढं धरला. म्हणालं, "बग, आज सूनबाई कशी फिरलीया. चूल, गोठा, माडी, परत गोठा. घटकाभर बूड टेकलं न्हाय पोरीनं. लई कष्टाची हाय, आपलं नशीब म्हणून असली मिळाली." लई खुशीत हुतं. मला लगीन करून या घरात आल्याला तीस वर्सं झाली, सुकन्या. हीच चूल आन् ह्योच गोठा. मला कवा कुणी असं म्हणलं न्हाय. मला असा राग आला की हातातली पिठाची काटवट तितंच आदळावी वाटली.

सूनबाई दारात हुती. तिनं माज्याकडं बगितलं, मी तिच्याकडं. मग मी म्हणलं, व्हय, लई राबती. आन् त्यास्नी आनखी एक भाकरी वाढली.

बनाबाई